६१७४ ला उगाच भाव देतोय आपण, खरी मजा दोन अंकी खेळात आहे

रिकामा_गणिती

कापरेकरांचा ६१७४ इतका फॉरवर्ड झालाय की तो सांगायला वेगळा धागा काढायची गरज नाही, तरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, मोठीतून लहान वजा करा, जे येईल त्याच्यावर परत तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग तिथून हलत नाही. ५२०० घेतली तर पूर्ण सात लागतात: ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४.

द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिकवायचे, १९३० ते १९६२, आणि हे त्यांना १९४९ ला सापडलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनच्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे बाकी जगाला नाव कळलं.

आता माझा मुद्दा. फॉरवर्ड करणारे सगळे 'गूढ', 'जादुई' वगैरे म्हणतात आणि तिथेच थांबतात. मला वाटतं चार अंकी खेळात गूढ असं फार नाहीये, तो बऱ्यापैकी योगायोग आहे. गूढ आहे ते दोन अंकी खेळात, ज्याच्याकडे कोणी बघतच नाही कारण तो एका आकड्यावर थांबत नाही, गोल फिरत राहतो. करून बघा: ९ (म्हणजे ०९), ८१, ६३, २७, ४५, परत ९. पाच आकड्यांची साखळी. दोन्ही अंक वेगळे असलेली कुठलीही संख्या घ्या, याच साखळीत येऊन पडते.

पाचच का? या प्रश्नाचं नीट उत्तर आहे आणि ते ११ ने भागून उरणाऱ्या बाकीत आहे. पण आधी चार अंकीचा निकाल लावू, मग तिकडे येतो. कोणाला इंटरेस्ट आहे का ते सांगा, नाहीतर मी एकटाच बडबडत बसेन.

घाटमाथा

इंटरेस्ट आहे, बडबडा. पण 'योगायोग' म्हणालात ते पटलं नाही. जवळजवळ नऊ हजार संख्या एकाच ठिकाणी येतात आणि तुम्ही योगायोग म्हणताय?

रिकामा_गणिती

नऊ हजार नाहीयेत हो ते, तिथेच सगळे फसतात. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड समजा. वजाबाकी केली की उत्तर येतं ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं, बाहेरचा फरक आणि आतला फरक. बाहेरचा १ ते ९, आतला ० पासून बाहेरच्याएवढा. अशा जोड्या होतात ५४. पहिल्या वजाबाकीनंतर तुमचे नऊ हजार आकडे संपले, उरले ५४. त्यातलेही बरेच म्हणजे तेच अंक उलटसुलट लावलेले (८५३२ आणि ८३५२ मध्ये पुढच्या पावलाला काय फरक पडणार?), ते एकत्र धरले तर ३० च राहतात.

आता कागदावर ५४ ठिपके काढा आणि प्रत्येक ठिपक्यातून, पुढच्या पावलाला जिथे जातो तिथे बाण. प्रत्येकातून एकच बाण निघतो, दोन निघू शकत नाहीत कारण वजाबाकीचं उत्तर एकच असतं. आत मात्र कितीही बाण येऊ शकतात. अशा ग्राफचा आकार नेहमी ठराविक असतो: ठिपके मर्यादित आहेत म्हणून चालत राहिलात तर कधीतरी आधी आलेला ठिपका परत येणारच, आणि एकदा आला की पुढे तेच तेच. म्हणजे चित्राच्या प्रत्येक तुकड्यात एक आणि एकच वर्तुळ, आणि त्या वर्तुळाला बाहेरून येऊन मिळणाऱ्या फांद्या, पावसाचं पाणी ओढ्याओढ्यांतून एका तळ्यात जावं तसं. नियम कुठलाही असो, चित्र असंच दिसतं. (६, २) ही जोडी स्वतःकडेच बाण टाकते: ५९९४ + १८० = ६१७४, आणि ७६४१ चे फरक परत ६ आणि २.

मग ६१७४ मध्ये खास एवढंच की ५४ ठिपक्यांचं चित्र एकाच तुकड्याचं निघालं आणि त्यातलं वर्तुळ एकाच ठिपक्याचं निघालं. ३० गोष्टींचं तर बोलतोय आपण! पाच अंकी घ्या, लगेच मोडतं. तिथे तीन वेगळी वर्तुळं आहेत: एक ५३९५५ आणि ५९९९४ चं, आणि दोन चार-चार आकड्यांची, ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३. सहा अंकीत दोन स्थिर आकडे (५४९९४५ आणि ६३१७६४) आणि शिवाय सात आकड्यांचं एक वर्तुळ. सगळ्यांना एकाच आकड्यावर आणणारा खेळ दशमान पद्धतीत फक्त तीन अंकी आणि चार अंकीला आहे, बाकी कितीही अंक घ्या, नाही. हे १९८१ साली सिद्ध झालंय.

कोडबोले

आत्ता पायथॉनमध्ये टाकून बघितलं, बरोबर आहे. सात अंकीला तर एकच वर्तुळ येतंय पण आठ आकड्यांचं.

तीन अंकीचं चित्र हातानेच काढता येतं, त्याला कोड पण नको. उत्तर ९९ × (मोठा अंक − लहान अंक), म्हणजे फरक १ ते ९, नऊच ठिपके:

१ → ९ → ८ → ७ → ६ → ५ → ५ → ५ …
२ → ८
३ → ७
४ → ६

५ म्हणजे ४९५. झालं. मुलांना द्यायला मस्त आहे हे, पोरं स्वतः काढतील.

शंकासुर

मला या प्रकाराचा एक बेसिक प्रॉब्लेम आहे. अंकांशी खेळणं म्हणजे गणित नाही. ६१७४ हे दशमान पद्धतीमुळे आहे, आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून. बारा बोटं असती तर दुसरंच काहीतरी आलं असतं. मूळ संख्या मूळ संख्याच राहते, तुम्ही ती कशीही लिहा, १३ ला १३ म्हणा नाहीतर बायनरीत ११०१ म्हणा. त्यामुळे कापरेकरांबद्दल आदर आहे, पण आपले गणितज्ञ त्यांना सिरियसली घेत नव्हते त्यामागे कारण होतं. भावनिक होऊ नका.

जुना_मास्तर

शंकासुर, कारण होतं हे खरं, पण ते एवढंच नव्हतं. त्यांच्याकडे पीएचडी नव्हती, मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, फर्ग्युसनला असताना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालेलं (१९२७), आणि नंतर आयुष्यभर शाळेत शिकवणं. असा माणूस शोधनिबंध घेऊन आला की विषयाआधी माणूस बघितला जातो. मी स्वतः पस्तीसेक वर्षं शाळेत गणित शिकवलंय त्यामुळे हे जरा जास्त लागतं, सोडा.

त्यांचा दुसरा एक प्रकार सांगतो जो या बाणांच्या चित्रात छान बसतो. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. १५ असेल तर १५ + ६ = २१. म्हणजे १५ कडून २१ कडे बाण. आता उलटं विचारा: २० कडे कोणाकडून बाण येतो? कोणाकडूनच नाही! २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या संख्यांना कोणी जनक नाही, त्यांना त्यांनी स्वयंभू संख्या म्हटलं, आणि देवळाली संख्या हे नाव पण त्यांनीच दिलं. आणि १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. ग्राफ शिकलेली मंडळी म्हणतील की ज्या ठिपक्यावर एकही बाण येत नाही असे ठिपके मोजा, बस. कापरेकरांनी ग्राफ हा शब्द न वापरता तेच केलं.

रिकामा_गणिती

मास्तर, क्या बात है. देवळाली संख्या आठवल्याच नव्हत्या.

शंकासुर, तुमचा आक्षेप चार अंकीला शंभर टक्के लागू आहे, म्हणूनच मी योगायोग म्हणालो. पण दोन अंकीला नाही लागू, आणि तेच मला सांगायचंय, आता जरा सावकाश वाचा.

दोन अंकांमधला फरक ख म्हणू. वजाबाकी ९ × ख. त्याचे अंक लिहा: दशकात ख − १, एककात १० − ख. (ख = ७: ६३, बरोबर.) या दोन अंकांमधला फरक म्हणजे पुढचा ख. तो किती? २ख − ११, ऋण आला तर चिन्ह टाकून द्यायचं. म्हणजे अख्खा खेळ हा आहे: दुप्पट करा, ११ वजा करा, चिन्ह विसरा. १ → ९ → ७ → ३ → ५ → १.

आता ११ वजा करणं म्हणजे ११ ने भागून बाकी घेण्याच्या हिशेबात काहीच न करणं. आणि चिन्ह विसरणं म्हणजे ख आणि ११ − ख ही एकच गोष्ट मानणं. म्हणजे खेळात खरं चाललंय काय, तर ११ च्या बाकीत नुसतं दुप्पट दुप्पट करणं: १, २, ४, ८, ५ (१६ ची बाकी), १० (म्हणजे −१). पाच पावलांत −१ आला, आणि चिन्ह विसरायचं ठरलंय म्हणून −१ म्हणजे १. वर्तुळ पुरं. म्हणून पाच. सम फरक कुठे गेले? २ आणि ९ एकच, ४ आणि ७ एकच, त्यामुळे ते पहिल्या पावलाला साखळीत शिरतात.

आता बेस बदला. दहाऐवजी आधार आ असेल तर अंक ख − १ आणि आ − ख, पुढचा फरक २ख − (आ + १). म्हणजे ११ च्या जागी आ + १. बोटं कितीही असू देत, नियम एकच. हेक्समध्ये (आधार १६) १७ येतो: १ → १५ → १३ → ९ → १ आणि ३ → ११ → ५ → ७ → ३, चार-चारची दोन वर्तुळं, कारण २ चा चौथा घात १६ म्हणजे १७ च्या हिशेबात −१. अष्टमानात ९ येतो: १ → ७ → ५ → १, आणि ३ एकटा स्वतःकडे. आधार ७ घेतला तर ८ येतो, तिथे दुप्पट करत गेलात की शून्यच होतं, सगळं मरतं. कुठलाही आधार द्या, खेळ न खेळता चित्र सांगतो.

शंकासुर

हं. हे मान्य. हे अंकांचं नाही राहिलं, दुपटीचं झालं.

पत्तेवाला

अरे थांबा थांबा, दुप्पट आणि बाकी म्हणजे हे तर पत्ते पिसण्याचं गणित आहे! ५२ पत्ते, बरोबर मधोमध तोडायचे, २६-२६, आणि एकाआड एक घुसवायचे, सगळ्यात वरचा पत्ता वरच राहील असे. हे आठ वेळा परफेक्ट केलं की गड्डी जशीच्या तशी. मी हे गणपतीत सोसायटीत करून दाखवतो, लोक येडे होतात. वरच्या पत्त्याला शून्य नंबर दिला तर प्रत्येक पत्त्याची जागा दुप्पट होते, ५१ ने भागून बाकी. २ चा आठवा घात २५६ = ५ × ५१ + १. म्हणून आठ.

आणि गंमत म्हणजे वरचा पत्ता दुसऱ्या नंबरवर जाईल असं घुसवलं तर हिशेब ५१ चा न राहता ५३ चा होतो आणि मग आठ नाही, पूर्ण ५२ वेळा पिसावं लागतं. हाताची तीच हालचाल, एका पत्त्याचा फरक.

रिकामा_गणिती

हो! ५३ मूळ संख्या आहे आणि २ हा तिचा प्रिमिटिव्ह रूट आहे, म्हणजे दुपटीने १ ते ५२ सगळे फिरून मगच परत १ येतो.

कोडबोले

ओके मी यात अजून एक टाकतो, कारण टायटलमध्ये नसलं तरी वास येतोय की हे केऑस आहे (सुरुवातीचा बारीकसा फरक पुढे प्रचंड होतो, तो प्रकार). क्ष → क्ष² − २ हा नियम डायनॅमिकल सिस्टिमच्या पहिल्या लेक्चरमधला आहे, −२ ते २ च्या मध्ये जवळजवळ कुठूनही सुरू करा, वेड्यासारखा उड्या मारतो. पण क्ष = २ कॉस थीटा लिहिलात तर पुढचा २ कॉस (२ थीटा), म्हणजे इथेही कोन नुसता दुप्पट होतोय. आणि कॉसला थीटा आणि वजा थीटा सारखेच. चिन्ह विसरा! हेच तर वर चाललंय. म्हणजे थीटाच्या जागी ३६० अंशांचा अकरावा भाग टाकला तर दोन अंकी कापरेकर आलाच पाहिजे. टाकला:

१.६८२५ → ०.८३०८ → −१.३०९७ → −०.२८४६ → −१.९१९० → १.६८२५

पाच पावलांत परत! ९, ८१, ६३, २७, ४५ आणि हे, एकच वर्तुळ.

पण आता खरी मजा. मी हेच कंप्युटरवर लूपमध्ये सोडलं तर पन्नासेक पावलांनंतर साखळी सुटते आणि आकडे कुठेही भरकटतात. कारण राउंडिंगमध्ये झालेली सोळाव्या दशांशातली चूक प्रत्येक पावलाला साधारण दुप्पट होते, आणि २^५० म्हणजे पंधरा-सोळा अंकी आकडा, खाऊन टाकतो सगळं. कापरेकरांचा खेळ पूर्णांकात असल्यामुळे तिथे चूक व्हायला जागाच नाही, तो जन्मभर ९, ८१, ६३ करत राहील.

घाटमाथा

हे वाचून मी अंकगणितावरून ट्रिगोनोमेट्रीत कधी गेलो कळलंच नाही. एक शंका, क्ष² − २ हे मी मर्सेनच्या संदर्भात वाचल्यासारखं वाटतंय?

रिकामा_गणिती

बरोबर वाचलंय. २ चा घात वजा १ अशी संख्या (तीच मर्सेन संख्या) मूळ आहे का ते बघायची लुकास-लेहमर चाचणी. ४ पासून सुरू करायचं आणि क्ष² − २ करत जायचं, प्रत्येक वेळी त्या संख्येने भागून बाकी. १२७ साठी, म्हणजे २^७ − १: ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच पावलांनी (७ − २) बरोबर शून्य आला की मूळ, नाही आला तर नाही. कोट्यवधी अंकी मूळ संख्या अशाच तपासल्यात. म्हणजे बघा, कॉलेजात केऑस दाखवायला जो नियम वापरतात, तोच मर्यादित ठिपक्यांवर चालवला की मूळ संख्येची परीक्षा घेतो.

कोडबोले

आणि +१ केला की अवयव पाडतो. पोलार्डचा ऱ्हो, १९७५. नाव ऱ्हो कारण चित्र त्या ग्रीक अक्षरासारखं दिसतं, आधी शेपूट मग गोल, वर रिकामा_गणितींनी सांगितलं तेच प्रत्येकातून एक बाण वालं चित्र.

८०५१ चे अवयव हवेत. क्ष² + १, सुरुवात २ पासून, ८०५१ ने भागून बाकी: ५, २६, ६७७, ७४७४, २८३९, ८७१. आता ८७१ मधून ६७७ वजा करा, १९४. १९४ आणि ८०५१ चा मसावि काढा: ९७. झालं, ८०५१ = ८३ × ९७.

का चाललं? ९७ च्या नजरेने हीच साखळी २ → ५ → २६ → ९५ → ५ अशी आहे, तीनचं वर्तुळ. आपल्याला ९७ माहीत नव्हता, पण वर्तुळ लवकर पुरं झालं आणि त्याने स्वतःला पकडून दिलं. मूळ अवयव प असेल तर साधारण प च्या वर्गमुळाएवढ्या पावलांत हे होतं. ब्रेंट आणि पोलार्ड यांनी याच पद्धतीने २^२५६ + १ चा १६ अंकी अवयव काढला, १२३८९२६३६१५५२८९७. त्याच्या आधी ती संख्या मूळ नाही एवढंच माहीत होतं, अवयव कोणाकडे नव्हता.

सरळरेषा

मूक वाचक होते आत्तापर्यंत, पण दुप्पट आणि ग्राफ म्हटल्यावर राहवेना. मराठीची विद्यार्थिनी आहे, गणिताशी दहावीनंतर संबंध नाही. आमच्याकडे वृत्तं शिकताना यमाताराजभानसलगं पाठ करतात. कुठलीही लागोपाठची तीन अक्षरं उचला, त्यांचे लघु-गुरू बघा, तो पहिल्या अक्षराचा गण. यमाता लगुगु म्हणजे य गण, मातारा सगळे गुरू म्हणजे म गण, असे आठही गण एकेकदाच. भुजंगप्रयात म्हणजे चार वेळा य, हे सगळं त्यावरूनच. कोणीतरी मला सांगितलं होतं की याच्यामागे ग्राफ आहे. आहे का?

रिकामा_गणिती

आहे, आणि तो याच धाग्यातला आहे. लघु ० आणि गुरू १ समजा. तीन अक्षरांची खिडकी म्हणजे ० ते ७ मधली एक संख्या. खिडकी एक घर पुढे सरकली म्हणजे काय झालं? संख्या दुप्पट झाली, डावीकडचं अक्षर गळालं (८ ने भागून बाकी) आणि उजवीकडे नवीन ० किंवा १ आला. परत दुप्पट! फक्त इथे प्रत्येक ठिकाणाहून दोन बाण निघतात, कारण पुढचं अक्षर लघु की गुरू हे तुम्ही निवडता.

आता दोन-दोन अक्षरांचे चार ठिपके घ्या: लल, लगु, गुल, गुगु. प्रत्येक गण म्हणजे या चार ठिपक्यांमधला एक बाण, य गण हा लगु कडून गुगु कडे जाणारा बाण. एकूण आठ बाण. प्रत्येक ठिपक्यात दोन बाण येतात दोन जातात, त्यामुळे ऑयलरच्या जुन्या प्रमेयाने पेन न उचलता आठही बाणांवरून एकेकदाच जाता येतं. यमाताराजभानसलगं म्हणजे तो प्रवास. शेवटचे ल आणि गं हे परत सुरुवातीचे य, मा च आहेत (लघु, गुरू), गोल पुरा करण्यासाठी. गणितात याला डी ब्रॉइन साखळी म्हणतात, त्याचा निबंध १९४६ चा. आपल्याकडे पोरं ती त्याच्या कितीतरी आधीपासून घोकतायत.

सरळरेषा

दुप्पट होते म्हणजे सरकते हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं!! थँक्यू.

मावळतीकर

एवढा सगळा धागा वाचला आणि कोणी कोलाट्झ काढला नाही? सम असेल तर अर्धी, विषम असेल तर तिप्पट अधिक एक, शेवटी १ येतो का? याचंही बाणांचं चित्रच की.

जुना_मास्तर

कोणीतरी काढणार हे माहीत होतं.

रिकामा_गणिती

चित्रच आहे, पण तिथे ठिपके अनंत. वर जो फुकटचा फायदा मिळत होता (मर्यादित ठिपके म्हणून वर्तुळ येणारच) तो इथे मिळत नाही, एखादी संख्या कायमची वर वर जात राहील ही शक्यता उरते. १९३७ पासून पडून आहे. २^६८ च्या पुढेपर्यंत तपासून झालंय आणि टेरेन्स टाओने २०१९ मध्ये जवळजवळ सगळ्या संख्या खूप खाली येतात असं एका नेमक्या अर्थाने सिद्ध केलं, पण 'जवळजवळ सगळ्या' आणि 'सगळ्या' यात अख्खा प्रश्न शिल्लक आहे. कोलाट्झसाठी वेगळा धागा काढा प्लीज, नाहीतर इथे प्रत्येकजण आपला पुरावा घेऊन येईल.

घाटमाथा

हे सगळं खेळण्यातलं झालं. मोठ्या गणितात डायनॅमिक्स वापरून संख्याशास्त्रातलं काही सुटलंय का?

शंकासुर

संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स, अंकशास्त्र म्हणजे लोक ज्योतिष समजतात. नंबर थिअरीच म्हणा.

आणि हो, सुटलंय, आणि अर्धं मुंबईत. ओपेनहाइमचा अंदाज, १९२९ चा. तीन किंवा जास्त चलांचं वर्गाचं सूत्र, सहगुणक अपरिमेय प्रमाणात, धन-ऋण दोन्ही बाजूंना जाणारं, त्यात पूर्णांक घालून शून्याच्या हवं तितकं जवळ जाता येतं का? मार्गुलिसने ऐंशीच्या दशकात सिद्ध केलं, आणि तेही समीकरणं न सोडवता, जाळ्यांच्या अवकाशात एक प्रवाह सोडून तो कुठे कुठे जातो हे बघून. मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) श्रीकृष्ण दाणी यांनी त्याच्याबरोबर तो निकाल अजून भक्कम केला आणि सोपी सिद्धता दिली. एखाद्या अपरिमेय संख्येला अपूर्णांकांनी किती जवळून गाठता येतं हे अशा प्रवाहाच्या वाटेवरून वाचता येतं, हा जो दुवा आहे त्याला जगभर दाणींच्याच नावाने ओळखतात. तुमच्या वजाबाक्यांपेक्षा मी याच्यावर धागा काढला असता.

रिकामा_गणिती

काढा ना, पहिला प्रतिसाद माझा. मला फक्त एवढंच सांगायचंय की आमच्या वजाबाक्या पण शेवटी उघड्या प्रश्नावरच जाऊन आदळतात.

दहा आधाराला दोन अंकी खेळात एकच वर्तुळ आलं, हेक्समध्ये दोन आली, अष्टमानात दोन. मग सरळ प्रश्न: असे किती आधार आहेत जिथे एकच वर्तुळ येतं? २ हा आ + १ या मूळ संख्येचा प्रिमिटिव्ह रूट असेल तर नक्की एकच येतं. आधार १० ला ११, आधार १२ ला १३, आधार ५२ ला पत्तेवाल्यांचा ५३. अशा मूळ संख्या अनंत आहेत का? आर्टिनने १९२७ मध्ये अंदाज केला की आहेत. हूलीने १९६७ मध्ये सिद्ध केलं, पण रीमान गृहीतकाचं (मूळ संख्यांशी जोडलेला, अजून न सुटलेला प्रसिद्ध अंदाज) एक मोठं रूप खरं धरून. हीथ-ब्राउनच्या १९८६ च्या निकालातून असं निघतं की २, ३, ५ यांच्यापैकी निदान एक तरी अनंत मूळ संख्यांचा प्रिमिटिव्ह रूट आहे. कुठला, ते सांगता येत नाही! २ साठी आजही कोणाकडे बिनशर्त पुरावा नाही.

पत्तेवाला

म्हणजे दुसऱ्या पद्धतीने पिसताना गड्डीतल्या पत्त्यांच्या संख्येएवढ्याच वेळा पिसावं लागेल अशा गड्ड्या अनंत आहेत का, हे पण कोणाला माहीत नाही?

रिकामा_गणिती

नाही. तोच प्रश्न आहे.

कोडबोले

आधार १०० पर्यंत रन केलं, एकच वर्तुळ देणाऱ्या आधारांची लिस्ट काढतोय. आधार ६ आणि २२ पण आलेत, तिथे ७ आणि २३ साठी २ प्रिमिटिव्ह रूट नाहीये, पण चिन्ह विसरल्यामुळे काम होतंय. ही दुसरी जात वेगळी मोजावी लागेल. तीन अंकीला असा नियम बसतो का कोणी बघितलंय? मला ख किंवा ११ − ख मधला मोठा, त्यातून एक वजा, असं काहीतरी दिसतंय, म्हणजे तिथे दुप्पट होतच नाही, नुसतं घसरत मध्यावर येतं.

जुना_मास्तर

बरोबर दिसतंय. ९ हा अंक कायम मध्ये येतो ना, तो सगळ्यात मोठा ठरतो आणि दुप्पट होऊ देत नाही. आधार सम असेल तर मध्यावर एकच आकडा, विषम असेल तर मध्याच्या दोन बाजूंना दोन. आधार ९ ला करून बघा, फरक ४ आणि ५ एकमेकांकडे उड्या मारत बसतील.